घरातून निघताना ‘इत्ते किमासु’

“नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगी नववीत आहे. आठवीत फ्रेंच घेतलं, वार्षिक परीक्षेत शंभरपैकी ९४ मार्क पडले. पण मे महिन्यात नणंदेच्या ओळखीचे एक फ्रेंच पाहुणे घरी आले, तेव्हा तिला त्यांचं नावसुद्धा विचारता आलं नाही. आत जाऊन रडत बसली. मुलगा पाचवीत. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघून जपानीचं वेड घेतलं म्हणून शनिवार-रविवारच्या क्लासला घातला, तर आता हिरागाना ही जपानी मुळाक्षरं लक्षात राहत नाहीत म्हणून क्लासचं नाव काढलं की पोटात दुखतं. शाळेतला परदेशी भाषा दिन म्हणजे थर्माकोलचा आयफेल टॉवर आणि कागदी पंखे, तेही रात्री जागून मीच केले. मला आणि यांना दोन्ही भाषांतलं अक्षर कळत नाही. सासूबाई म्हणतात, ‘आधी मराठी नीट बोलू देत, मग तुमचं फ्रेंच-बिंच.’ घरच्या घरी काही करता येईल का? की मुलाचा क्लास बंद करू? आणि डिसेंबरमध्ये जपानीची एन-फाइव्ह, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा असते, तिला त्याला बसवावं का? मुलीचाही एक प्रश्न आहे: फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ असं का म्हणतात? वर्गात विचारलं तर ‘पाठ कर’ असं उत्तर मिळालं.”
– एक आई

ताई,

क्लास बंद करू नका. आणि सासूबाईंचं बोलणं मनावर घ्या, कारण तुमच्या घरात मुलांना सगळ्यांत जास्त मदत त्यांचीच होणार आहे. शाळेत फ्रेंच शिकवत मला पंचवीस वर्षं झाली, जपानी मी चाळिशीत शिकायला घेतलं. ज्या मुलांचं मराठी घरात, अंगणात, आजीजवळ बसून पिकलेलं असतं, ती या दोन्ही भाषांत लवकर रुळतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पण आपण या भाषा मुलांना इंग्रजीच्या आडून शिकवतो. त्यामुळे जवळ असलेलं भांडवल वापरायचं त्यांना सुचतच नाही.

हिरागानापासून सुरुवात करू, कारण पोटात तिथे दुखतंय. मुलाला त्या तक्त्यात ४६ परकी चित्रं दिसत असणार. त्याला तक्ता मोठ्याने वाचायला लावा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता शेजारी आपली वर्णमाला ठेवा आणि बोटाने दाखवा: क, च, त, न, प, म, य, र, व. क्रम तोच आहे आणि हा योगायोग नाही. जपानचे बौद्ध भिक्खू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् ही भारतीय लिपी शिकत असत. इ. स. ८०४ मध्ये चीनला गेलेल्या कूकाइ या भिक्खूने परतताना सिद्धमचे ग्रंथ बरोबर नेले. पुढे त्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांची ही मांडणी आली. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ का, असं तो विचारेल. विचारायलाच हवं. जुन्या जपानीत हे उच्चार वेगळे होते, आजचा ‘हा’ तेव्हा ‘पा’ होता. एवढं कळलं की तक्ता परका राहत नाही. पहिल्या ओळीतली पहिली दोनच अक्षरं लिहिली तर ‘आइ’ होतं, आणि जपानीत ‘आइ’ म्हणजे प्रेम. हे त्याला तुमच्यासमोर चौकटीच्या वहीत लिहू द्या. नंतर आठवड्याला दोन ओळी, त्याहून जास्त नको.

वाक्यरचनेचं तर विचारूच नका. ‘वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु’ म्हणजे ‘मी सफरचंद खातो’. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. आपले विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात तसेच त्यांचे. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे हून किंवा पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. ‘पुणे कारा मुंबई मादे’ हे वाक्य तुम्हालाही आत्ता, या क्षणी कळलं. बोलताना शेवटी आपण ‘हो ना’, ‘छान आहे ना’ म्हणतो, तसा ते ‘ने’ लावतात. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला हे सगळं उलटं करून घ्यावं लागतं. तुमच्या मुलाला नाही.

आता मला फार आवडणारी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. कुणी चुकून म्हटलंच तर आजी लगेच दटावते, ‘येतो म्हणावं’. जपानी मूल शाळेला निघताना म्हणतं, ‘इत्ते किमासु’. शब्दशः ‘जाऊन येतो’. घरातलं माणूस उत्तर देतं, ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन ये’. परत आल्यावर मूल ‘तादाइमा’ म्हणतं, आतून ‘ओकाएरी’ असं स्वागत होतं. उद्यापासून तुमच्या दारात हे सुरू करा. चार शब्द आहेत, चारही तुम्हाला दोन दिवसांत येतील. सासूबाईंना अर्थ सांगितला की त्यांचा विरोध कितपत टिकतो ते मला कळवा. संस्कृती म्हणजे काय, ते मुलाला कागदी पंख्यापेक्षा या उंबरठ्यावर जास्त कळेल: दूरच्या एका देशातल्या आजीलाही नातवाने ‘जातो’ म्हणून न जाता परत यावं असं वाटतं.

पावसाचे दिवस आहेत, तेव्हा दुसरा खेळ खिडकीत बसून खेळता येईल. जपानी भाषेत ध्वनींवरून आलेले शब्द ढिगाने आहेत आणि मराठीतही. पहिले थेंब पडले की ‘पोत्सुपोत्सु’, हलकी संततधार ‘शितोशितो’, धो धो पाऊस ‘झाआझाआ’, ढग गडगडले की ‘गोरोगोरो’. छातीत धडधडलं तर ‘दोकिदोकि’, भांडं चकचकलं तर ‘पिकापिका’, गुदगुल्या केल्या तर ‘कोचोकोचो’. एखादा घडाघडा बोलू लागला तर ‘पेरापेरा’. घरात वहीचं एक पान या शब्दांसाठी ठेवा: डावीकडे आजीचा शब्द, उजवीकडे नातवाचा. बेडूक आपल्याकडे ‘डराव डराव’ करतो, जपानमध्ये ‘केरो केरो’ आणि फ्रान्समध्ये ‘क्वा क्वा’. कोंबडा आपला ‘कुकूच कू’, त्यांचा ‘कोकेकोक्को’, फ्रेंचांचा ‘कोकोरिको’. इथे मुलीलाही ओढा. माझ्या वर्गात या पानावरून जेवढं हसू आणि जेवढं भांडण झालं तेवढं दुसऱ्या कशावरून नाही झालं, आणि भांडता भांडता उच्चार सुधारले.

प्रवासात भेंड्या लावता ना? जपानी मुलं ‘शिरितोरी’ खेळतात. मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द: रिंगो, गोरिरा, राप्पा. ज्याचा शब्द ‘न’ या सुट्या अक्षराने संपला तो बाद, कारण त्या अक्षराने जपानीत शब्द सुरू होत नाही. म्हणून ‘पान’ म्हटलं की हरलात. हा ‘पान’ म्हणजे पाव. पोर्तुगीज ‘पांव’ आपल्याकडे येऊन पाव झाला आणि जपानमध्ये जाऊन पान झाला. फ्रेंच ‘पँ’ही त्याच लॅटिन घराण्यातला. वडापाव खाताना दोन्ही मुलांना हे सांगा, एका घासात चार भाषा बसतील.

सासूबाईंसाठी मी खास राखून ठेवलेलं काम म्हणजे म्हणींचे पत्ते. जपानमध्ये ‘कारुता’ नावाचा पत्त्यांचा खेळ असतो (हा शब्दही मूळ पोर्तुगीजच). एकजण म्हण वाचतो, बाकीचे जमिनीवर पसरलेल्या पत्त्यांतून तिचा जोडीदार पत्ता झडप घालून उचलतात. तुम्ही जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून पत्ते करा. एका पत्त्यावर ‘जूनिन तोइरो’, म्हणजे दहा माणसं दहा रंग. त्याचा जोडीदार ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’. ‘नेको नि कोबान’, मांजरापुढे सोन्याचं नाणं. जोडीदार ‘गाढवाला गुळाची चव काय’. ‘चिरी मो त्सुमोरेबा यामा तो नारू’, धूळही साठत गेली तर डोंगर होतो; जोडीदार कोणता ते तुम्हीच सांगाल. मुलीचे पत्ते फ्रेंच असतील. त्यांच्यात म्हणतात, पोळलेलं मांजर गार पाण्यालाही भितं. सासूबाई विचार न करता म्हणतील, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मुलांनी म्हणीचा अर्थ मराठीत सांगायचा, आजीने जोडी लावायची, मग मुलांनी मूळ म्हण लिहायची. ‘आधी मराठी’ हा त्यांचा आग्रह यात आपोआप पुरा होतो. आणि खरं सांगते, तो आग्रह बरोबरच आहे.

ॲनिमेबद्दल एक सावधगिरी. ऐकायला उत्तम, कान तयार होतो, बघू द्या. पण त्यातले नायक स्वतःला ‘ओरे’ म्हणतात आणि समोरच्याला ‘ओमाए’. ही उद्धट, दोस्तांतली किंवा भांडणातली बोली आहे. जपानी सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, तसं बोललं तर आपल्याकडे मुख्याध्यापकांना ‘काय रे’ म्हटल्यासारखं होईल. मोठ्यांशी ‘देसु’, ‘मासु’ लावून बोलायचं. आपल्या मुलाला तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक कळतो, त्यामुळे त्याला हे एकदा सांगितलं की पुरतं.

आता मुलीकडे वळते, आणि तिचं रडणं मला जास्त लागलंय. ९४ मार्क खोटे नाहीत. पण आपल्या बहुतेक शाळांत फ्रेंच हा मार्क चढवणारा विषय म्हणून घेतला जातो. ‘माझी शाळा’, ‘माझं कुटुंब’ हे निबंध पाठ, धड्याखालची उत्तरं पाठ, क्रियापदांचे तक्ते पाठ. आम्ही शिक्षकही यात दोषी आहोत, पोर्शन संपवायच्या घाईत आम्ही मुलांना बोलायला वेळ देत नाही. तिला वर्षभरात कुणी फ्रेंचमध्ये एक खरा प्रश्न विचारलेला नाही, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नव्हतं. मग पाहुण्यांसमोर तोंड उघडणार कसं?

तो प्रश्न तुम्ही विचारायचा. रोज जेवणं झाली की दहा मिनिटं ती तुमची बाई, तुम्ही तिची विद्यार्थिनी. तुम्हाला येत नाही हीच इथली सोय आहे. तुम्ही चुकाल, ती दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करण्यासाठी तिला ते मोठ्याने, सावकाश, चारदा म्हणावं लागेल. पहिला धडा ‘त्यू’ आणि ‘वू’चा. ‘त्यू’ म्हणजे तू. ‘वू’ म्हणजे तुम्ही, अनेकांना आणि एकट्या मोठ्या माणसालाही, अगदी आपल्यासारखं. म्हणजे त्या पाहुण्यांना विचारायचं होतं, ‘वू वूझाप्ले कोमाँ?’, म्हणजे ‘तुमचं नाव काय?’ हे वाक्य तुम्ही तिला आठवडाभर वेगवेगळ्या माणसांच्या नावाने विचारा. दूधवाले काका, तुमची मैत्रीण, कुणीही बनून. आणि ‘बोंझूर’ला, म्हणजे त्यांच्या नमस्काराला, हलकं समजू नका. फ्रान्समध्ये पावाच्या दुकानात शिरताना ‘बोंझूर’ न म्हणता थेट ‘एक पाव द्या’ म्हणणं असभ्य समजतात. तिने ते पाहुणे आले तेव्हा नुसतं ‘बोंझूर’ म्हटलं असतं तरी अर्धं काम झालं असतं.

लिंगांसाठी घरभर चिठ्ठ्या लावा, पुल्लिंगाला निळी, स्त्रीलिंगाला लाल. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘टेबलाला कसलं आलंय लिंग’ म्हणून वैतागतात. मराठी मुलाला वैतागायचं कारण नाही, आपल्याकडे तर तीन आहेत. विशेषणही नामाबरोबर बदलतं, पांढरा घोडा, पांढरी गाय. तसंच फ्रेंचमध्ये घोड्याला ‘ब्लाँ’ आणि गाईला ‘ब्लाँश’. गंमत कुठे जुळतं आणि कुठे नाही त्यात आहे. खिडकी आणि खुर्ची दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी, आरसा आणि पलंग दोन्हीकडे पुल्लिंगी. पण आपला चमचा तिकडे स्त्री होतो, हात स्त्री होतो, समुद्र स्त्री होतो आणि चांदोमामा तर ‘ला ल्यून’ होऊन मावशीच होतो. न जुळणाऱ्यांची यादी तिने फ्रिजवर लावावी, परीक्षेत चुकणारे शब्द बहुतेक तेच असतात. शब्द शिकताना पुल्लिंगाचा ‘ल’ किंवा स्त्रीलिंगाचा ‘ला’ शब्दाला चिकटवूनच शिकायचा, वेगळा नाही.

सणांपैकी मी एकच सुचवते, कारण त्यात बोलावं लागतं. ६ जानेवारीच्या सुमाराला फ्रेंच घरांत ‘गालेत दे र्वा’ नावाचा केक कापतात. आत एक छोटी वस्तू लपवलेली असते, ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा. वाटणीत लबाडी नको म्हणून घरातलं सगळ्यांत लहान मूल टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाचा ते सांगतं. तुम्ही रव्याचा केक करा, आत एक अख्खा बदाम घाला आणि सगळ्यांना आधी सांगून ठेवा. मुलगा टेबलाखाली. मुलगी सुरी धरून विचारेल, ‘से पूर की?’ हा कुणाला? खालून आवाज येईल, ‘पूर आजी!’, ‘पूर मामाँ!’ तिला फ्रेंचमध्ये खरा प्रश्न विचारावा लागला आणि खरं उत्तर मिळालं. भावाला चार शब्द फुकटात आले. तसाच १ एप्रिलला तिकडची मुलं एकमेकांच्या पाठीवर गुपचूप कागदी मासा चिकटवतात, पण त्याला बोलावं लागत नाही, म्हणून तो मी दुसऱ्या नंबरला ठेवते.

शाळेच्या भाषा दिनाबद्दल तुम्ही शिक्षक-पालक सभेत बोला. टॉवर आणि पंखे तुम्ही जागून केलेत, यात मुलं काय शिकली? त्याऐवजी कामिशिबाइ सुचवा. १९३० च्या दशकात जपानच्या गल्ल्यांत गोष्ट सांगणारे सायकलवर लाकडी चौकट बांधून येत, दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटून मुलं गोळा करत, मिठाई विकत आणि चित्रं सरकवत गोष्ट सांगत. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरची चित्रं एकामागून एक दाखवत कथा गातात, त्या परंपरेच्या हे किती जवळचं आहे! मुलांनी आपल्या गावातली गोष्ट आठ कार्डांवर काढावी, प्रत्येक चित्राला जपानीत किंवा फ्रेंचमध्ये दोन सोपी वाक्यं. एक खुबी लक्षात ठेवा: पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डाच्या पाठीवर लिहायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर. कार्ड पुढून काढून मागे घातलं की सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बरोबर वाक्य येतं. यात चित्रकला येणारा, आवाज मोठा असणारा, व्याकरण पक्कं असणारा अशा सगळ्यांना काम मिळतं. खर्च कार्डशीटचा.

आणि तुम्ही सिंहगड रस्त्याला राहता म्हणून हेही सांगते. पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्या जवळच आहे. ते जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. एका रविवारी फोन घरी ठेवून जा. मुलाने दहा शब्द तिथे शोधायचे: ‘मिझु’ पाणी, ‘इशी’ दगड, ‘हाशी’ पूल, ‘इके’ तळं, ‘की’ झाड… बाकीचे पाच त्याने सेन्सेईंना विचारून आणावेत.

एवढं सगळं सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खेळाने गोडी लागते, पण पाठांतर टळत नाही. फ्रेंच क्रियापदं आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, यांना पाढ्यांसारखं रोज थोडं घोटावंच लागतं. जपानी मूल पहिलीच्या वर्षात ८० कांजी शिकतं, तेही लिहून लिहूनच. वही बंद करून नुसते खेळ खेळलात तर सहा महिन्यांनी दोन्ही मुलं तिथेच असतील.

एन-फाइव्हला या डिसेंबरला बसवू नका. ती परीक्षा वाईट नाही, वर्षातून दोनदा, जुलैत आणि डिसेंबरमध्ये होते, पुढे कधीही देता येईल. पण तिच्यात पर्याय निवडायचे असतात, बोलायला किंवा लिहायला काही नसतं. ज्याला आत्ताच तक्त्याची भीती वाटते त्याला ती आणखी एक तक्ताच वाटेल. मुलीचं उलट आहे. तिला शालेय मुलांच्या डेल्फ या फ्रेंच परीक्षेची पहिली पातळी, ए-वन, द्यायला सांगा. तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि समोरासमोर बोलणं असे चार भाग असतात, आणि तो चौथा भागच तिला हवाय. पुण्याच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच भाषेच्या संस्थेत चौकशी करा.

राहिला तिचा प्रश्न, आणि तो विचारल्याबद्दल तिची पाठ थोपटा. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे ‘कात्र-वँ’, चार वीस, आणि नव्याण्णव म्हणजे चार वीस एकोणीस. विसांच्या गटांनी मोजायची जुनी पद्धत तिथे भाषेत अडकून राहिली. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ असे सरळ शब्द वापरतात, म्हणजे हा त्रास सगळीकडे नाही. पण तिला हे पाठ करायची गरज पडणार नाही. गावाकडची जुनी माणसं पेंढ्या, आंबे, नारळ कसे मोजायची, ते तिने आज रात्री आजीजवळ बसून विचारावं. तीन विसा म्हणजे साठ. मग चार विसा म्हणजे किती, हे आजीच सांगतील.